बेलग्रेडची कालेनिच गुजरी: विकणाऱ्या बाईनं केलेला रिव्ह्यू

५ पैकी ४ स्टार. एक स्टार काऊन कापला ते पुढे सांगते, पण आधी हे सांगते की मी हे मार्केट गिऱ्हाईक म्हणून कमी अन् विकणारी म्हणून जास्त पाहिलं, कारण आमचं गाव भिवापूरकडचं, घरी मिरची, अन् माझा अर्धा जन्म आठवडी बाजारात पोत्यावर बसून मिरच्या-वांगे विकण्यात गेला. पोरगं तिकडे सर्बियात वेल्डिंगच्या कामावर आहे, सुनेचं बाळंतपण होतं म्हणून सप्टेंबरात गेली ते चांगली थंडी पडेपर्यंत राहिली. वापस आली तं जो तो विचारते, काकू तिकडे भाजीपाला भेटते का, खायचं काय, आणखी काही पोरं जायच्या गोष्टी करून रायले, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. फोनमध्ये बोलून टाईप करते, चुकलं तं समजून घ्या.

कालेनिच म्हणजे सर्बियाची राजधानी बेलग्रेड, तिच्या व्राचार भागातली गुजरी, भाजीबाजार. सेंट सावाचं भल्लं मोठं पांढरं चर्च आहे घुमटवालं, तिथून पायीच जाता येते. शहरात अशा गुजऱ्या पुष्कळ आहेत, झेलेनी वेनात्स म्हणून एक आहे तिची छपरं बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटीचौकटीची, फोटो तिथे मस्त येतात, पण माल पाहायचा तं कालेनिचले या.

माझ्या नजरेत पहिली गोष्ट भरली ती म्हणजे कोणीच खाली बसून नाई. सगळ्यायले टेबल. रांगेनं टेबलं, त्यावर माल, मागे विकणारी उभी, समोर काटा इलेक्ट्रॉनिक, आकडा गिऱ्हाईकाले बी दिसते अन् तिले बी. आपल्या इथे बाजार करून घरी आलं की गुडघे धरून उठा लागते, पावसाळ्यात तं चिखलातच पोतं टाकून बसा, अन् वरून चिठ्ठीवाला पैसे घेऊन जाते ते वेगळेच. तिकडे बी टेबलाचं भाडं भरा लागते, फुकट नाई काही, पण भाड्यात निदान टेबल तरी भेटते. पण दिवसभर उभं राहणं बी सोपं नाई, नोव्हेंबरात म्हाताऱ्या बाया स्वेटरवर स्वेटर घालून, डोक्याले रुमाल बांधून उभ्या, थर्मासमधली काळी कॉफी पेत. त्यायच्यातल्या एकीनं मले बी पाजली, भाषा काही कळत नव्हती, पण मी तिच्या मिरच्या हातात घेऊन ज्या तऱ्हेनं पाहत होती त्यावरून तिले समजलं असन की ही बाई धंद्यातलीच आहे.

आता शेतकरी कोण अन् माल घेऊन विकणारा कोण हे ओळखायची माझी रीत सांगते, तिकडे दोघंबी एकाच रांगेत असतात. ज्याच्या टेबलावर केळी अन् लिंबू बी आहेत अन् पालक बी, तो शेतकरी नाई, केळी काही सर्बियात पिकत नाई बाप्पा. ज्याच्याकडे दोन-तीनच गोष्टी, लहानमोठ्या साईजच्या, गाजराले माती लागलेली, बाजूले घरच्या अंड्यायचं टोपलं अन् एखादी मधाची बरणी, तिथे घ्या. भावात जास्त फरक नसते, चवीत असते. अन् चाखून पाहू देतात, न मागता सुरीनं काप काढून पुढे करतात, चाखून नाई घेतलं तरी तोंड वाकडं करत नाई. दुसऱ्या एका ठिकाणी, नाव नाई लिहत, पोरानं वरून चकचकीत पाहून आलुबुखाऱ्याची पेटी आणली तं खालची अर्धी सडकी निघाली. कालेनिचले तसं नाई झालं, पण पेटी उलटून पाहायची सवय कुठेबी ठेवाच.

सप्टेंबरात गेली ते बरं झालं, तो तिकडे लाल मिरचीचा मोसम. गाड्याच्या गाड्या जाळीच्या पोत्यायनं भरून येतात, दक्षिणेकडे लेस्कोवात्स म्हणून गाव आहे तिकडची मिरची नावाजलेली. लोकं किलोनं नाई, पोत्यानं नेतात. बोटभर मिरची पाहायची सवय मले, ही तं मनगटाएवढी, मांसल, अन् तिखट जराबी नाई. कुर्तोव्स्का कापिया म्हणतात त्या जातीले. त्याचं ते लोकं आय्वार करतात, वर्षभर पोळीले, म्हणजे त्यायच्या ब्रेडले, लावून खायले. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी म्हातारी मागच्या आवारात लाकडाची चूल पेटवून बसली होती, लोखंडी चूल असते ती, स्मेदेरेवो शहरात बनते म्हणून स्मेदेरेवात्सच नाव पडलं. मी बी गेली मदतीले. मिरच्या चुलीवर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, गंजात झाकून ठेवायच्या म्हणजे वाफेनं साल सुटते, मग एकेक सोलायची, बिया काढायच्या, रातभर निथळू द्यायच्या, दुसऱ्या दिवशी मशीनमधून काढून तेलात घंटोगणती हलवत राहायचं, अन् गरमच बरण्यायत भरायचं. मी पोतंभर मिरची सोलली अन् हात जळले नाई, सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या आवारात, देठ खुडणाऱ्या बायायले ही गोष्ट सांगितली तं कोणी खरी मानायले तयार नाई. त्या महिन्यात सांजच्याले शहरात कुठेबी जा, गॅलरीतून, आवारातून, भाजल्या मिरचीचा वास येते, पण ठसका लागत नाई, नाक झोंबत नाई, मले तं सुरुवातीले काहीतरी चुकल्यासारखंच वाटे.

अन् एवढ्या पोत्याच्या बरण्या भरल्या किती, तं एका फळीवर मावतील एवढ्या. म्हणून गुजरीत म्हाताऱ्या घरचं आय्वार विकतात ते दुकानातल्यापेक्षा बरंच महाग पडते, पोरगं म्हणे, "माय, इतके पैसे कायले देतं, सुपरमार्केटात स्वस्त भेटते." म्हटलं बापा, तू दोन दिवस चूल धरून उभा राहून पाय, मग भाव कर. घरच्या बायायची मजुरी कोणत्याच देशात कोणी हिशोबात धरत नाई, निदान बरणीच्या भावात तरी धरू दे.

पैसे रोखच न्या, सुटे न्या. दिनार आपल्या रुपयापेक्षा थोडा हलका, युरोले ११७ च्या आसपास दिनार येतात. शंभराच्या नोटेवर निकोला टेस्लाचा फोटो आहे, त्याचं म्युझियम बी याच व्राचारमध्ये, त्याच्या अस्थी बी तिथेच ठेवल्या आहेत. पोरगं म्हणे आपल्या विहिरीवरची थ्री फेज मोटर चालते ती याच माणसाच्या डोक्यातून निघाली. मी म्हटलं मोटर काढली ते बरं केलं, लाईन रात्रीचीच येते त्याचं बी काही केलं असतं तं.

बाळंतिणीच्या हिशोबानं सांगायचं तं डिंक, खोबरं, हळिव, मेथ्या मी इथूनच नेल्या होत्या. पण शेपू! शेपू तिथे जुडीनं भेटली, हिरवीगार, ते लोकं लोणच्यात अन् सूपमध्ये घालतात, मी सुनेले मुगाची डाळ घालून रोज केली. लसूण चांगला. अक्रोड ताजे, नवे, दुधाळ. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मले दिसलाच नाई, अजमोदाच्या जुड्यायनं टेबलं भरलेली, मी पहिल्यांदा तेच सांबार समजून उचलायले गेली तं वास वेगळा. मेथीची भाजी नाई. हिरवी तिखट मिरची असते थोडी, पण आपल्या पोरायले एका जेवणाले पुरन एवढीच. ऑक्टोबरात एक पिवळं लव असलेलं फळ येते, दुन्या, कच्चं खाल्लं तं दात आंबतात, पण ते लोकं घरात कपाटावर रांगेनं मांडून ठेवतात नुसत्या वासासाठी. मी बी दोन आणले, बाळंतिणीच्या खोलीत ठेवले, सगळी खोली घमघमली.

मग कोशावा सुटला. कोशावा म्हणजे त्यायचं वारं, कार्पेथियन डोंगराकडून डॅन्यूब नदीच्या खिंडीतून निघते अन् आग्नेयेकडून बेलग्रेडवर येऊन आदळते, कोरडं, कापणारं. लोकं म्हणतात सुटलं की तीन दिवस नाईतं सात दिवस. मी एक दिवस मफलर न घेता निघाली अन् कोपऱ्यावरूनच वापस आली. गुजरीत बाया टेबलावरचं प्लास्टिक दगडं ठेवून दाबून ठेवतात, पण माल विकणं बंद नाई. त्याच सुमाराले पत्ताकोबीचे ढीग येतात, नोवी सादजवळ फुतोग गाव आहे तिथली पत्ताकोबी म्हणजे पातळ पानायची, मुरवायले सगळ्यात चांगली. अख्ख्या कोब्या, मधला दांडा कोरून त्यात मीठ भरून, पिंपात मिठाच्या पाण्यात दगडाखाली दाबून गॅलरीत ठेवतात. मुरायले काही आठवडे लागतात. मुरली की तिच्या पानात खिमा-भात गुंडाळून सार्मा करतात, अन् तिचं आंबट पाणी बी बाटलीत भरून विकल्या जाते, पोरगं म्हणे रात्री जास्त झालेल्यायले सकाळी तेच लागते. जिन्यात मात्र वास असा की सून दार-खिडकी लावून बसे.

नोव्हेंबरात खालच्या म्हातारीकडे स्लावा होती. प्रत्येक खानदानाचा एक संत, त्याच्या दिवशी घरात मेणबत्ती, नक्षीचा मोठा पाव अन् शिजवलेल्या गव्हात साखर-अक्रोड कुटून केलेलं झितो, पाहुण्यानं आल्याबरोबर आधी चमचाभर तेच खायचं. २०१४ मध्ये युनेस्कोनं यादीत घेतली म्हणे ही स्लावा. आवतन देत नाई, ज्याले माहीत आहे तो येते. आदल्या दिवशी गुजरीत पाय ठेवायले जागा नव्हती, संत मिकाईलचा दिवस बऱ्याच घरांत एकच, २१ नोव्हेंबर, अन् अर्ध शहर त्या दिवसासाठी एकाच वेळी सामान घेऊन रायलं होतं. अशा वेळी भाव कमी करून मागूच नका.

आता कापलेला स्टार. एक तं दुपारनंतर मार्केट ढिलं पडते, संध्याकाळचा बाजार नाईच. आपल्याकडे दिवे लागायच्या वेळी उरलासुरला माल अर्ध्या भावात निघते अन् मजुरी करून आलेल्या बाया तेव्हाच भाजी घेतात. तिकडे कामावर जाणाऱ्या पोरायले सुट्टीच्या दिवसाशिवाय ही गुजरी भेटणं मुश्कील. दुसरं, टेबलाचं भाडं ज्यायले परवडत नाई त्या म्हाताऱ्या बाहेर फुटपाथवर पुठ्ठ्याच्या खोक्यावर लोकरीचे मोजे, फुलं, दोन जुड्या काहीतरी मांडून उभ्या राहतात अन् तपासणीवाला दिसला की सगळं थैलीत कोंबून चालायले लागतात, हे मी इथे बी पाहिलं अन् तिथे बी. मी मोजे तिथूनच घेतले, बाळासाठी बी.

उन्हाळ्याचं मी डोळ्यानं पाहिलं नाई, पोराचे फोटो आहेत: मार्चच्या ८ तारखेले, महिला दिनाले, सगळीकडे फुलंच फुलं, मे महिन्यात स्ट्रॉबेरी, जूनमध्ये चेरी, मग रासबेरी, अन् भर उन्हात रस्त्याच्या कडेले कलिंगडाचे ढीग.

जायचं तं शुक्रवारी नाईतं शनिवारी सकाळी जा. बेलग्रेडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून बस, ट्राम सगळं फुकट आहे, तिकिटाची भानगडच नाई, थैली तेवढी घरून न्या. अन् जे पोरं मांसमच्छी खात नाई त्यायच्यासाठी, मार्केटच्या आजूबाजूले खानावळी आहेत तिथे "पोस्नो" म्हणून मागा, उपवासाचं, त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसते. भाजलेल्या शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याची कांदा घालून भट्टीत केलेली उसळ भेटते, प्रेब्रानात्स नावाची, भाकरीची सर येत नाई पण मक्याच्या पावासोबत पोट भरते. फक्त मासोळी त्यायच्या पोस्नोमध्ये चालते, ते ऑर्डर द्यायच्या आधीच विचारून घ्या.