लॉगिनची स्क्रिप्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेर तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, औषधं, ठिबकचं सामान मिळून सहा कंपन्यांची डीलर पोर्टलं रोज उघडावी लागायची. शिल्लक माल बघा, उधारी बघा, क्रेडिट नोट आली का बघा. सहा युजर आयडी, सहा पासवर्ड, त्यातले दोन दर 90 दिवसांनी बदलायचे. सकाळी शटर उचललं की पाऊण तास यातच जायचा आणि गिऱ्हाईक काउंटरपुढे ताटकळायचं. दिवाळीनंतर मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे हे लॉगिन आपोआप करून फाइली उतरवणारा छोटा प्रोग्राम, लिहायला घेतली. आता खरिपाची पेरणी चालू आहे आणि ती रोज सकाळी साडेसहाला चालते.

सुरुवात रिक्वेस्ट्स लायब्ररीने केली, ती ब्राउझर न उघडता वेबपानं मागवते. युजर-पासवर्ड सर्व्हरला पाठवायचा, तो कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, देतो, आणि लायब्ररीचं सेशन ती कुकी सांभाळून पुढच्या प्रत्येक पानाला दाखवतं. पहिल्याच दिवशी अडलो. फॉर्ममध्ये एक लपलेला टोकन, म्हणजे खुणेचा सांकेतिक मजकूर, असतो आणि तो दर वेळी नवा येतो. आधी पान मागवायचं, त्यातून टोकन उचलायचा, मग पासवर्डासोबत तोही पाठवायचा, हे कळायला मला दोन रात्री लागल्या. दोन पोर्टलांना ही पद्धत पुरली, तीन सेकंदांत काम व्हायचं. बाकी चार पोर्टलांचं लॉगिनचं पान जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, उभं राहतं. रिक्वेस्ट्स जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे तिथे हाती रिकामं पान यायचं.

त्या चारांसाठी सेलेनियम घेतलं, ते खरा ब्राउझर आपोआप चालवतं. ते 2004 पासूनचं, मदत मुबलक मिळते, आणि 4.6 आवृत्तीपासून क्रोमला जुळणारा ड्रायव्हरही (ब्राउझर हाकणारा जोडप्रोग्राम) स्वतःच शोधून आणतं. तरी दोन महिन्यांनी सोडलं, कारण आमचं नेट. लाइट गेली की पान कधी तीन सेकंदांत येतं, कधी चाळीस. कुठे किती थांबायचं, हे सेलेनियममध्ये जागोजागी मला लिहावं लागायचं. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे त्याच कामाचं साधन, जे 2020 मध्ये आलं, ते बटण दिसून दाबण्याजोगं होईपर्यंत आपणहून थांबतं. मुळात 30 सेकंद थांबतं, मी ते 90 केलं. एवढ्या एका बदलाने सकाळचे निम्मे बिघाड संपले.

आता खरी गोष्ट. वैशाखात एका कंपनीच्या कापूस बियाण्याचं बुकिंग चालू होतं. नेमका त्याच आठवड्यात त्या पोर्टलचा पासवर्ड मुदत संपून बंद पडला. स्क्रिप्टने लॉगिन पाठवलं, सर्व्हरकडून 200 हा उत्तराचा कोड आला, लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदवहीत, ‘झालं’ उमटलं. 200 चा अर्थ पान मिळालं एवढाच. मिळालेलं पान होतं ‘पासवर्ड बदला’ म्हणणारं. शिल्लक मालाची फाइल उघडली तर एक्सेल म्हणे, स्वरूप आणि नाव जुळत नाही. नोटपॅडमध्ये पाहिलं तर आत तेच ‘पासवर्ड बदला’चं पान, चार दिवसांच्या चार फाइली, चारही सारख्याच आकाराच्या. बुकिंग हुकलं. नेहमीचे शेतकरी त्या वाणासाठी धुळ्याला गेले. घाईत मी अपयश आलं की पुन्हा प्रयत्न करणारा लूप टाकला, आणि चुकीच्या पासवर्डाने एका मिनिटात खातंच लॉक झालं.

दुकानातल्या आप्पांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. वही मिटली आणि म्हणाले, “चालनी ते ठीक शे, पन मझार गयी का नही?” म्हणजे, चालली ते ठीक आहे, पण आत गेली का नाही?

तोच प्रश्न मी स्क्रिप्टमध्ये घातला. लॉगिन झाल्यावर ती आधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात आमच्या दुकानाचं नाव शोधते. नाव दिसलं तरच लॉगमध्ये ‘मझार गयी’ लिहिते आणि फाइल उतरवते. नाही दिसलं तर पानाचा फोटो काढून थांबते. पासवर्ड नाकारला गेला तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही, फक्त नेट तुटलं असेल तरच. (लॉगची फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात उघडायला विसरू नका, विंडोजवर मराठी अक्षराला स्क्रिप्ट तिथेच पडते.)

दुसरी शिकलेली गोष्ट: रोज लॉगिन करूच नये. प्लेराइट कुकी आणि लोकल स्टोरेज (साइटने ब्राउझरमध्ये कायम ठेवलेली माहिती) एका जेसन नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवू शकतं. दुसऱ्या दिवशी ती फाइल दिली की थेट आत. तीन पोर्टलांवर आता आठवड्यातून एखाद्याच वेळी पासवर्ड लागतो. चौथं आपला टोकन सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे टॅब बंद होताच पुसल्या जाणाऱ्या जागेत, ठेवतं, ते या फाइलमध्ये येत नाही, म्हणून तिथे रोज लॉगिन. मात्र ही फाइल म्हणजे पासवर्डच समजा. ज्याच्या हाती लागली तो आत जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर फिरवू नका. माझे पासवर्ड कीरिंग या पायथॉन लायब्ररीमार्फत विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीत, आहेत. आधी कोडमध्येच होते, कारण प्लेराइटचं कोडजेन, म्हणजे आपण ब्राउझरमध्ये करतो ते पाहून कोड लिहिणारी सोय, आपण टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा कोडमध्ये लिहून देतं आणि ते माझ्या महिनाभर लक्षात आलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशीच तपासा.

ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेळ चुकली तर संधी मिळताच चालव, या पर्यायावर खूण करा. आमच्याकडे पहाटे लाइट नसते, त्यामुळे पीसी नंतर सुरू होतो आणि हीच खूण कामी येते.

एका पोर्टलवर ओटीपी आप्पांच्या मोबाइलवर येतो. तिथे स्क्रिप्ट खिडकी उघडून थांबते, आप्पा आकडे सांगतात, मी टाकतो. कॅप्चा (माणूस आहे का हे तपासणारं कोडं) सोडवून देणाऱ्या सेवा मिळतात, त्या मी घेतल्या नाहीत आणि घेणार नाही. माणूसच आहे ना, हे कंपनी विचारत असेल तर उत्तर माणसानेच द्यावं. खताच्या पॉस मशीनला अंगठा लागतो, तिथे स्क्रिप्टचा संबंधच नाही. आणि सुरू करण्याआधी सगळ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींना विचारून घ्या. मी विचारलं तेव्हा एकाने सांगितलं की रोजचा स्टॉक ईमेलवर मिळण्याची सोय त्यांच्याकडे आधीपासून आहे. त्या पोर्टलची साठ ओळींची स्क्रिप्ट मी त्याच दिवशी काढून टाकली.