पहिल्या प्रवाळ-टाकीसाठी मीठ कोणते घ्यावे? ‘रेड सी सॉल्ट’चे परीक्षण

घरी प्रथमच खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी मांडणारे लोक दिवे आणि स्किमर (पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारे यंत्र) निवडताना खूप चौकशी करतात. मीठ मात्र दुकानदार देईल ते घेऊन येतात. हा क्रम मला अगदी उलटा वाटतो. टाकीतले मासे, प्रवाळ आणि दगडांवर वाढणारे जीवाणू ज्या पाण्यात अहोरात्र राहणार आहेत, ते पाणी या मिठापासूनच तयार व्हायचे असते. ‘रेड सी’ कंपनीची दोन मिठे या छंदात विशेष प्रचलित आहेत: निळ्या बादलीतले साधे ‘रेड सी सॉल्ट’ आणि काळ्या बादलीतले ‘कोरल प्रो’. काळ्या बादलीची किंमत अधिक आणि नावात ‘प्रो’, म्हणून नवखा माणूस तिच्याकडे ओढला जातो. मी निळी बादली वापरतो, आणि आपल्याकडे पहिली टाकी मांडणाऱ्याने तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्हींतला खरा फरक क्षारतेचा, म्हणजे खारटपणाचा नव्हे तर पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या मात्रेचा आहे; छंदी मंडळी तिला ‘केएच’ म्हणतात. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात केएच सुमारे ७ आणि कॅल्शियम लिटरमागे साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम असते. निळ्या बादलीचे पाणी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) खारटपणाला केएच ८ च्या आसपास, म्हणजे समुद्राच्या बरेच जवळ राहते. काळ्या बादलीचे मात्र १२ पर्यंत जाते आणि त्यात कॅल्शियमही जास्त असते. ही वाढीव मात्रा कठीण प्रवाळांसाठी आहे, कारण आपला चुनखडीचा सांगाडा बांधताना ते पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत शोषून घेतात. आपल्या समुद्रातले सर्व कठीण प्रवाळ तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ते समुद्रातून काढून टाकीत आणता येत नाहीत. ज्यांनी विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रातल्या ‘आंग्रिया बँक’ या पाण्याखालच्या प्रवाळ-पठाराबद्दल वाचले आहे, त्यांना हे संरक्षण किती मोलाचे आहे हे सांगायला नको. शिवाय नवख्याने सुरुवात मश्रूम, झोअँथिड आणि लेदर यांसारख्या मऊ, सोशिक प्रवाळांपासूनच करावी हे उत्तम, आणि या जीवांना कॅल्शियम फारच थोडे लागते. मग ज्या टाकीत क्षारता खर्च करणारे कोणी नाही, तिच्यात १२ केएचचे पाणी ओतून काय साधणार? टाकीचे केएच ८ असताना असे दहा टक्के पाणी बदलले, तर ते एका फटक्यात ८.४ होते, दर आठवड्याला असेच चढत गेले की हीटर आणि पंपांवर पांढरी पुटे धरू लागतात. प्रवाळांना विशिष्ट आकड्यापेक्षा स्थिर आकडा अधिक मानवतो, आणि निळ्या बादलीच्या पाण्याने तो स्थिर ठेवणे सोपे जाते.

हे मीठ विरघळतेही समाधानकारक. ड्रममध्ये आधी पाणी घ्यावे, पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) चालू करावे आणि मग मीठ थोडे थोडे सोडावे; मिठावर पाणी ओतल्यास तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. या रीतीने केलेले पाणी काही तासांत काचेसारखे स्वच्छ होते. ३५ पीपीटीसाठी लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम मीठ लागते, कारण मिठाच्या स्फटिकांतही पाणी असते. तरीही केवळ वजनावर विसंबू नये, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजण्याच्या उपकरणाने) तपासावे, आणि ते उपकरण नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर न आणता ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावे.

मिठाचे गुण पाण्यावरही अवलंबून असतात. स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो आणि तो थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतो. असे पाणी टाकीला चालत नाही. मीटरवर टीडीएस शून्य दाखवणारे आरओ-डीआयचे, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेले पाणीच घ्यावे. किनाऱ्यावरचे लोक विचारतात की, समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत कशाला घ्यायचे; पण मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही बराच उतरतो, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

उणीव म्हणावी तर ती साठवणीची आहे, आणि ती या प्रकारच्या सर्वच मिठांत आढळते. त्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार हवेतला ओलावा झपाट्याने ओढून घेतात. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिले तर मिठाचे दगडासारखे गठ्ठे होतात, आणि अशा मिठाच्या पाण्याचे केएच कमी भरू शकते. म्हणून मूळ सीलबंद बादलीच घ्यावी. काही दुकानांत मोठी बादली फोडून साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून किलोवर मीठ विकतात. ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण त्यात किती ओलावा शिरला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. वाहतुकीत बारीक कण तळाशी बसतात, तेव्हा सील फोडण्याआधी बादली आडवी करून जमिनीवर चांगली गडगडवावी.

बादलीचा आकार टाकी पाहून ठरवावा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितक्याच उंच टाकीत दगड-वाळू धरून साधारण १०० लिटर पाणी मावते. पहिल्या भरणीला ३.८ किलो मीठ जाते, पुढे दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलण्यासाठी ३८० ग्रॅम. मधल्या काळात जे पाणी वाफ होऊन कमी होते, त्याच्या जागी मात्र बिनमिठाचे आरओ-डीआयचे पाणीच घालायचे, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. या हिशेबाने ७ किलोची बादली पहिल्या भरणीनंतर आठ आठवडे पुरते. २२ किलोची बादली किलोमागे स्वस्त पडते खरी, पण एवढ्या टाकीला ती जवळजवळ वर्षभर चालेल आणि मधे एक पावसाळा येणारच. त्यामुळे किनारपट्टीवर राहणाऱ्याने ७ किलोचीच घ्यावी आणि उघडलेली बादली जूनपूर्वी संपेल असा बेत ठेवावा.