वेल्सच्या पैशाची सुनावणी, वेस्टमिन्स्टर: ४ स्टार, पाचवा ट्रेझरीने खाल्ला

आई-बाबा सध्या कार्डिफला (वेल्सची राजधानी) आमच्याकडे आलेत आणि एव्हाना किल्ले, समुद्र, डोंगर सगळं बघून झालंय. लंडनही एकदा झालं, बकिंगहॅम पॅलेस बाहेरून बघून बाबा फक्त "बरा आहे" म्हणाले. आमचे बाबा सातारा जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून रिटायर झालेले, उभी नोकरी अनुदान, लेखाशीर्ष आणि उपयोगिता प्रमाणपत्र यात गेली, त्यांना राजवाड्याचं काय कौतुक असणार. मग मला सुचलं की लंडनच्या पार्लमेंटच्या (वेस्टमिन्स्टर म्हणतात ते) सिलेक्ट कमिट्यांच्या, म्हणजे सरकारला प्रश्न विचारणाऱ्या खासदारांच्या समित्यांच्या, सुनावण्या कुणालाही फुकट बघता येतात, आणि वेल्श अफेअर्स कमिटीत वेल्सला पैसा कसा मिळतो यावर बोलणं चाललं असेल तर बाबांसाठी याच्याहून भारी सहल नाही. आई म्हणाली मला नका ओढू यात, तुम्ही दोघं जा. शहाणी आहे.

तर हा रिव्ह्यू त्या सकाळचा. तिकीट नाही, बुकिंग नाही, पार्लमेंटच्या वेबसाईटवर कुठली कमिटी कधी आणि कुठल्या खोलीत ते दिलेलं असतं, ते बघायचं आणि अर्धा-पाऊण तास आधी पोचायचं कारण एअरपोर्टसारखं चेकिंग असतं. आमची खोली पोर्टक्युलिस हाऊसमध्ये होती, म्हणजे बिग बेनसमोरची २००१ साली सुरू झालेली इमारत, खाली वेस्टमिन्स्टर ट्यूब स्टेशन आणि वर खासदारांची ऑफिसं. बाबांच्या पिशवीत आईने दिलेला चिवड्याचा डबा होता तो उघडून दाखवावा लागला, चेकिंगवाला माणूस हसला आणि जा म्हणाला. आत काचेच्या छताखाली अंजिराची मोठी झाडं आहेत, २०१२ च्या सुमारास पेपरात आलेलं की ती झाडं भाड्याने घेतलीयत. बाबांना हे सांगितलं तर ते चालता चालता थांबलेच. "भाड्यानं? कुठल्या हेडखाली?"

खोली छोटीच असते. नालेच्या आकाराचं टेबल, त्याच्याभोवती दहा-अकरा खासदार, समोर साक्षीदार आणि साक्षीदारांच्या पाठीमागे आपण, म्हणजे आपल्याला साक्षीदाराची मान दिसते आणि खासदारांची तोंडं. अध्यक्षांच्या शेजारी कमिटीचा क्लार्क बसतो, मधेच कागद सरकवतो, कानात काहीतरी सांगतो. बाबांचं सगळं लक्ष त्या क्लार्ककडे. "खरा मालक हा" असं मला दोनदा सांगून झालं, ते पण मराठीत असलं तरी जरा मोठ्यानेच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत येते, पीआरसी, ज्यांच्या घरी झेडपीची नोकरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पीआरसी आली की आठ दिवस आधीपासून बाबा घरी जेवायला नसायचे, फाईली, लेखापरीक्षणाचे आक्षेप, अनुपालन. म्हणजे पैसा ज्याला मिळाला त्याची झडती. वेस्टमिन्स्टरच्या या कमिटीत उलटं आहे हे बाबांनी दहा मिनिटांत ओळखलं. वेल्स सरकारने पैसा कसा उडवला हे बघायला कार्डिफ बे मध्ये सेनेड म्हणजे वेल्सची विधानसभा आहे, तिची स्वतःची फायनान्स कमिटी आहे. इथे प्रश्न लंडनलाच विचारायचे असतात, की बाबा तुम्ही जे देता ते कशाच्या आधारावर देता. देणाऱ्याला विचारणारी कमिटी. बाबा कुजबुजले, "आमच्या वेळी अशी एखादी पाहिजे होती."

आणि आधार काय तर बार्नेट फॉर्म्युला. १९७० च्या दशकाच्या शेवटी जोएल बार्नेट ट्रेझरीत, म्हणजे लंडनच्या अर्थखात्यात, मंत्री होते त्यांच्या नावाचा, काम चालवायला म्हणून आणलेला आणि पन्नाशीकडे चाललेला. हिशोब एका कागदाच्या पाठीवर होतो. इंग्लंडमध्ये एखाद्या खात्याचा खर्च जेवढा वाढला ती वाढ घ्यायची, त्यातलं किती काम वेल्समध्ये वेल्स सरकार स्वतः करतं त्या टक्क्याने गुणायचं आणि मग लोकसंख्येच्या प्रमाणाने गुणायचं. इंग्लंडच्या शाळांना १० कोटी पाउंड वाढवून दिले तर शिक्षण पूर्णपणे वेल्सकडे असल्याने शंभर टक्के, लोकसंख्या इंग्लंडच्या साधारण साडेपाच टक्के, म्हणजे झाले ५५ लाख, आणि त्यावर वेल्स आणि लंडन सरकारच्या २०१६ च्या करारातून सध्या मिळणारा पाच टक्के जादा धरला की पावणे अठ्ठावन्न लाख. बाबांनी हे माझ्या ट्रेनच्या तिकिटावर मांडून बघितलं आणि लगेच त्यांना दोन गोष्टी खटकल्या. एक, हे सगळं फक्त वाढीवर चालतं, मूळ रकमेला कोणी हात लावत नाही, ती जुनी कशी आली तशी. दुसरं, यात गरज कुठे आहे? म्हातारी माणसं किती, आजारी किती, डोंगरातली गावं किती? मी म्हटलं बाबा हेच तर २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या खास कमिटीने लिहून दिलं की हा फॉर्म्युला बंद करा आणि गरजेप्रमाणे द्या, आणि ती कमिटी व्हावी म्हणून मागे लागलेले कोण तर स्वतः लॉर्ड बार्नेट! म्हाताऱ्याला आपलंच नाव नकोसं झालेलं. २०१४ मध्ये ते गेले, फॉर्म्युला आहे.

सगळ्यात मजा (म्हणजे संताप) ट्रान्सपोर्टच्या टक्क्यात आहे. एचएस२ म्हणजे लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारी फास्ट रेल्वे, वेल्समध्ये तिचा एक फूटही रूळ नाही, पण कागदावर ती "इंग्लंड आणि वेल्स" चा प्रोजेक्ट, कारण वेल्समधले बहुतेक रूळ लंडनच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे स्कॉटलंडला आणि नॉर्दर्न आयर्लंडला तिच्या खर्चापोटी वाटा मिळाला, वेल्सला नाही. वेल्सचा ट्रान्सपोर्टचा टक्का (किती काम वेल्स सरकारकडे तो) २०१५ मध्ये ८०.९ होता तो २०२१ मध्ये ३६.६ वर आला. म्हणजे वरच्या उदाहरणात ५५ लाखांच्या जागी जेमतेम २० लाख. लंडनवाले सांगायचे ते काय की उत्तर वेल्सच्या लोकांना क्रू या इंग्लंडातल्या जंक्शनला गाडी बदलून फायदा होईल, आणि मग ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रूपर्यंतची लाईनच रद्द केली. आता फायदा कुठून होणार ते कोणी सांगत नाही.

याच कमिटीने जुलै २०२१ च्या रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की एचएस२ ला फक्त इंग्लंडचा प्रोजेक्ट म्हणा. तेव्हा कमिटीचे अध्यक्ष सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, आणि सरकारही त्यांचंच, तरी लिहिलं. आपल्याकडे सत्ताधारी आमदार अध्यक्ष असलेल्या समितीने असं काही लिहिलं असतं का यावर आमचं परतीच्या प्रवासात ब्रिस्टलपर्यंत भांडण चाललं. सरकारने उत्तर दिलं, नाही म्हणून. झालं. आणि इथेच माझा पाचवा स्टार गेला. कमिटी विचारू शकते, कागद मागवू शकते, रिपोर्ट काढू शकते, सरकारने दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं असा रिवाज आहे, पण उत्तर "नाही" असलं तरी चालतं. फॉर्म्युला कुठल्याच कायद्यात नाही, ट्रेझरीच्या एका धोरणपत्रात आहे, ठरवणार ट्रेझरी, वाटणार ट्रेझरी, टक्का काढणार पण ट्रेझरी.

बाबांना हे काही केल्या पचेना. आपल्याकडे निदान राज्यघटनेत कलम २८० आहे, दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो, राज्याराज्यात फिरतो, निकष छापतो. पंधराव्या आयोगाने राज्यांना ४१ टक्के दिले आणि त्यातले महाराष्ट्राला ६.३१७, उत्तर प्रदेशला १७.९३९, यावर बाबा घरी तासभर बोलू शकतात आणि बोलतात. पण चिडायला सुद्धा एक छापील तक्ता लागतो ना, इकडे तो तक्ता देणारेच घेणाऱ्याच्या वतीने भरतात.

शिवाय ज्याच्या हातात मतं त्याला फॉर्म्युल्याच्या बाहेरूनही मिळतं. २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना बहुमताला कमी पडले तेव्हा नॉर्दर्न आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचे १० खासदार सोबत आले आणि नॉर्दर्न आयर्लंडला एक अब्ज पाउंड गेले, बार्नेटच्या वाटेला न जाता. वेल्सला त्यातून काही नाही. नंतर २०२४ मध्ये स्टॉरमाँट (तिथली विधानसभा आणि सरकार) पुन्हा सुरू झालं तेव्हा ३.३ अब्जांचं पॅकेज आणि बार्नेटमध्ये २४ टक्के गरजेचा जादा वाटा, तो मात्र मला रास्त वाटतो, तिथल्या फिस्कल कौन्सिलने आकडा काढून दाखवला होता. स्कॉटलंडचं लिहीत नाही, तो वेगळा रिव्ह्यू होईल आणि खाली भांडणं होतील.

कोणी जावं? ज्यांना हाऊस ऑफ कॉमन्समधला आरडाओरडा बघायचाय त्यांनी नको, इथे कोणी ओरडत नाही. ज्यांना एकाच प्रश्नाला तीन वेळा वेगळं वळण देऊन विचारलेलं ऐकायला आवडतं त्यांनी जरूर. लहान मुलांना नेऊ नका. लंडन लांब असेल तर सगळं ऑनलाईन लाईव्ह दिसतं, जुनंही सापडतं, शिवाय शब्दन् शब्द टाईप होऊन येतो आणि लोकांनी पाठवलेली लेखी निवेदनं पण वाचता येतात. बाबांचं मत, व्हिडिओपेक्षा निवेदनं वाचा, खरा माल तिथे आहे. खायचं मात्र बघून ठेवा, आम्ही बाहेर एका ठिकाणी सँडविच घेतलं, गार, महाग आणि आत चीजचा एक तुकडा, शेवटी नदीकाठी बसून चिवडाच खाल्ला.

दोन दिवसांनी आईला घेऊन स्वानसीला निघालो. लंडनकडून येणारी गाडी कार्डिफपर्यंत विजेवर येते, पुढे तार नाही, स्वानसीपर्यंत तार न्यायचं ठरलं होतं ते २०१७ मध्ये रद्द केलं, म्हणून तीच गाडी कार्डिफहून पुढे डिझेलवर. स्टेशन सुटलं आणि पायाखालून घर्रर्र आवाज सुरू झाला. आई दचकली. बाबांनी खिडकीतून वर बघितलं, तार नव्हती.

"लागलं तुझं ३६.६," बाबा म्हणाले.

मी म्हटलं बाबा हा त्याचा भाग नाही, हा निर्णय वेगळा, खातं तेच पण हिशोब वेगळा.

"हेड वेगळं असेल," ते म्हणाले, "खिसा एकच आहे," आणि आईकडे चिवड्याचा डबा मागितला.