जेल मीडियम की अ‍ॅसिटोन? प्रतिमा उतरवून वर रेखाटन करायचं असेल तर

छापलेलं चित्र दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवायच्या या दोन्ही पद्धतींना टोनरचा, म्हणजे लेझर किंवा झेरॉक्सचा, आरशातल्यासारखा उलटा केलेला प्रिंट लागतो, हे गृहीत धरतो.

जेल, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचं घट्ट पारदर्शक माध्यम, जवळपास कुठेही चालतं: कॅनव्हास, लाकूड, आधी रंगवलेला अ‍ॅक्रिलिकचा थर. पृष्ठभागावर सलग थर द्यायचा, प्रिंट पालथा दाबून बुडबुडे काढायचे, रात्रभर वाळू द्यायचं आणि ओल्या बोटानं कागद चोळून काढायचा. ओलं असेपर्यंत काम स्वच्छ दिसतं. वाळलं की राहिलेले तंतू पांढरे पडतात. मग पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. जोर जास्त झाला तर टोनरही निघतो. शेवटचा धूसरपणा मीडियमच्या पातळ हातानं बराचसा जातो, त्यामुळे एवढ्यावरून जेलला नावं ठेवणार नाही.

अडतं ते पेन्सिल हातात घेतल्यावर. वाळलेलं जेल म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा. त्यावर ग्रॅफाइट घसरतं, 2एच जवळपास उमटत नाही, 6बी बोट लागताच पुसते, जलरंगाचे थेंब गोळा होतात. क्लिअर जेसो (पारदर्शक अस्तर) लावून पेन्सिल धरेल असा दाणा आणता येतो, पण तो खरखरीत असतो; पेन्सिलीचं टोक झिजवतो आणि हलकी छटा अडखळते. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

अ‍ॅसिटोन हे टोनर सैल करणारं द्रावक; ते कागदाचा पोत तसाच ठेवतं. गुळगुळीत हॉट-प्रेस कागदावर प्रिंट पालथा ठेवून एक कड टेपनं पक्की करा. अ‍ॅसिटोनचा बोळा ओलसर हवा, ठिबकता नको. प्रिंटच्या पाठीचा एका वेळी 5-6 सेंटिमीटरचाच भाग भिजवून लगेच चमच्याच्या पाठीनं दाबून घासा, कारण अ‍ॅसिटोन काही सेकंदांत उडतं. जास्त झालं तर टोनर पसरतो, कमी पडलं तर मध्ये जागा कोऱ्या राहतात. उतरलेला टोनर पाण्यानं हलत नाही, म्हणून जलरंगाचा वॉश (पातळ थर) थेट देता येतो. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी 1958 ते 1960 दरम्यान मासिकांतली चित्रं द्रावकानं कागदावर उतरवून त्यांवर पेन्सिल आणि जलरंग वापरले, ते याच जातीचं काम.

रंगीत प्रिंट मात्र फिका उतरतो, मधल्या करड्या छटाही थोड्या हरवतात. मोठा रंगीत फोटो कॅनव्हासवर हवा असेल तर जेलच बरं. अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिकला विरघळवतं, तेव्हा आधी प्रतिमा, मग रेघ, रंग शेवटी. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. पातळ नायट्राइल हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे फार वेळ टिकत नाहीत, ते लवकर बदला.