परदेशात ई-सिम: आठ महिन्यांचा अनुभव

मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला असते. गेल्या आठ महिन्यांत आम्ही दोघं दोनदा तिच्याकडे जाऊन आलो, मध्ये एकदा दुबईला भाच्याकडे. तिन्ही वेळा ई-सिम वापरलं, म्हणजे प्लास्टिकचं कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. आधी जर्मनीत उतरलं की सिमचं दुकान शोधायचं, आणि 2017 पासून तिथे प्रीपेड सिमलाही पासपोर्ट दाखवावा लागतो. आता सांगलीतच घरच्या वायफायवर क्यूआर कोड स्कॅन करून ठेवते. घ्यायच्या आधी *#06# दाबून बघा, ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली. मुलगी ऑफिसच्या कामाला झ्युरिकला गेली होती, आम्ही मागून गाडीनं निघालो. सीमेजवळचं झिंगेन मागे पडलं आणि थोड्या वेळात फोनच्या कोपऱ्यात स्विस कंपनीचं नाव आलं. नकाशा कोरा झाला, नुसता निळा ठिपका त्या राखाडी रंगावर सरकत राहिला. युरोपियन युनियनमध्ये 15 जून 2017 पासून तिथल्या सिमला दुसऱ्या सदस्य देशात जादा रोमिंग पडत नाही, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, आणि माझ्या ई-सिमच्या प्लॅनमधल्या देशांच्या यादीतही नव्हतं. भारतातल्या नंबरचं रोमिंग मी सुरूच केलेलं नव्हतं. झ्युरिकच्या फलाटावर लेकीचा चेहरा उतरलेला होता. "आई, तासभर फोन लावतेय, कुठे होतात तुम्ही?" ह्यांना मधुमेह आहे, तिला काय काय वाटून गेलं असेल!

म्हणून कळकळीनं सांगते, आपलं भारतातलं सिम काढून ठेवू नका. निघायच्या आधी त्याचं इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. त्या खेपेला घरचं वीजबिलसुद्धा शेजाऱ्यांना भरायला लावलं. व्हॉट्सॲपनं नंबर बदलायचा का विचारलं तर जुनाच ठेवा. आणि प्रवास संपेपर्यंत ई-सिम डिलीट करू नका, बऱ्याचदा तोच कोड परत चालत नाही.

वेग शहरात उत्तम. झ्युरिकच्या वाटेवर होर्बच्या पुढे नेकार नदीच्या खोऱ्यात नेटवर्क तुटायचं. दोन सिममुळे बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक हवीच. दुबईत नेट छान, पण व्हॉट्सॲप कॉल तिथे बंद असतात, त्यामुळे मिरजेच्या बहिणीशी आठवडाभर व्हॉइस मेसेजवरच बोलणं झालं.

दुसऱ्या खेपेला यादीत स्वित्झर्लंडचं नाव स्वतः वाचलं, मगच पैसे भरले. सीमेपलीकडच्या शाफहाउजेनला पोचल्यावर लेकीला फोटो पाठवला, लगेच दोन निळ्या खुणा आल्या.