व्हाऊचर पोर्ट करून न्यू जर्सीहून टेक्सास: दहा महिन्यांचा अनुभव आणि एक फ्रिज

परवा रात्री फ्रिज बंद पडला. सकाळी बघते तर इडलीचं पीठ फुगून डब्याबाहेर आलेलं आणि दूध नासलेलं. अशा वेळी माणूस दुरुस्तीवाल्याला फोन करतो. मी आधी कपाटातून हाउसिंग ऑफिसची फाईल काढली आणि वार्षिक तपासणीची तारीख बघितली. मग ठरवलं की गेले कित्येक महिने ‘लिहीन लिहीन’ म्हणत राहिलेला हा अनुभव आजच लिहून टाकायचा, राग ताजा आहे तोवर.

सेक्शन ८ म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांच्या भाड्याचा काही वाटा अमेरिकेचं केंद्र सरकार देतं ती योजना. त्याचं हाउसिंग ऑफिसकडून मिळणारं पत्र म्हणजे व्हाऊचर, आणि ते घेऊन दुसऱ्या गावी जाणं म्हणजे पोर्ट करणं. यादीत नाव लागायला किती वर्षं जातात, ते सांगायला नको. आमच्यापुरतं सांगते. चार वर्षांपूर्वी नवऱ्याला स्ट्रोक आला, तेव्हापासून घरात त्यांची डिसॅबिलिटीची सरकारी मदत आणि माझा शाळेच्या कॅन्टीनमधला अर्ध्या दिवसाचा पगार. मुली दोन, चौदा आणि सहा वर्षांच्या. आम्ही चौघंही सिटिझन, त्यामुळे कागदाचा तो घोळ नव्हता. दादा-वहिनी डॅलसच्या उत्तरेला राहतात. दादा म्हणाला, ‘इकडे ये, निदान रात्री-अपरात्री हाक मारायला माणूस असेल.’ म्हणून निघालो.

आता या ‘पोर्ट’ शब्दाबद्दल. भारतात १९०० वर मेसेज टाकला की मोबाईल नंबर तोच राहतो आणि कंपनी बदलते. मला वाटलं तसंच असेल. तसं अजिबात नाही. हे रेशनकार्डासारखं आहे. जुन्या गावातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, तो नव्या गावाला पोचवायचा, आणि पोचला की नाही हे दोन्हीकडे फोन करून आपणच विचारत बसायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी फक्त आपल्याकडची समजत होते.

जुन्या ऑफिसनं व्हाऊचर दिलं १ एप्रिलला, मुदत ६० दिवस. म्हणजे ३१ मे, आणि त्याच दिवशी आमचा भाडेकरारही संपत होता. त्यांनी टेक्सासच्या ऑफिसला एक पुडकं पाठवायचं असतं: ५२६६५ नंबरचा फॉर्म, व्हाऊचरची प्रत, कुटुंबाच्या माहितीचा ५००५८ नंबरचा फॉर्म आणि उत्पन्नाचे पुरावे. आमचं पुडकं फॅक्सनं गेलं, हो, फॅक्सनं, आणि चुकीच्या विभागात जाऊन पडलं. ‘आम्ही पाठवलं’, ‘आम्हाला मिळालं नाही’ यात तीन आठवडे गेले. ज्यांना पोर्ट करायचंय त्यांनी एकच करा, नव्या ऑफिसात पोर्टचं काम कोणाकडे आहे त्या माणसाचा ईमेल स्वतः मिळवा, तो जुन्या ऑफिसला द्या आणि पुडक्याची एक प्रत स्वतःकडे मागून ठेवा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. तुम्ही ज्या गावात राहत नव्हता तिथल्या यादीतून व्हाऊचर मिळालं असेल, तर पहिले १२ महिने हक्कानं बाहेर जाता येत नाही. आमच्या ओळखीतली एक बाई या नियमात अडकून अजून तिथेच आहे.

नव्या ऑफिसला येणाऱ्या कुटुंबाचा फारसा उत्साह का नसतो, तेही नंतर कळलं. तपासणी, ब्रीफिंग, कागदपत्रं अशी सगळी मेहनत त्यांची. भाड्याचे पैसे ते जुन्या ऑफिसला बिल करतात आणि जुन्या ऑफिसला व्हाऊचर सांभाळण्याची जी फी मिळते तिच्यातला साधारणपणे जास्तीत जास्त ८० टक्के वाटा त्यांना मिळतो. उरलेलं जुनं ऑफिस बसल्याजागी ठेवतं. म्हणजे लग्न एकाचं आणि वाढपी दुसरा. हे समजल्यावर तिथल्या बाईंचा फोनवरचा तुटक आवाज मी थोडा माफ केला. पूर्ण नाही.

बेडरूमचं गणितही बदलतं. न्यू जर्सीत मुलींच्या वयातलं अंतर बघून आम्हाला तीन बेडरूमचं व्हाऊचर होतं. टेक्सासच्या ऑफिसचे नियम वेगळे आणि नियम नव्या ऑफिसचेच लागू होतात. दोघी मुली, एक खोली, विषय संपला. मोठीनं दोन दिवस अबोला धरला. माझ्याशी, ऑफिसशी नाही.

घर शोधणं हा स्वतंत्र वनवास. न्यू जर्सीत व्हाऊचर आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे. तिथले मालक नाकारतात, पण आडवळणानं. टेक्सासमध्ये सरळ. २०१४ मध्ये ऑस्टिन शहरानं व्हाऊचरवाल्यांना नाकारू नये असा नियम केला, तर २०१५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून शहरांना असे नियम करायलाच बंदी घातली. अपवाद फक्त माजी सैनिकांचा. त्यामुळे इथला माणूस अगदी गोड आवाजात, ‘हनी, वी डोन्ट टेक व्हाऊचर्स’ म्हणून फोन ठेवतो. मी वहीत रेघा मारत होते. एकतीस फोन, सव्वीस नकार, चार ‘नंतर कळवतो’.

इथपर्यंतच्या अनुभवाला मी दोन तारे दिले असते, तेही दादाच्या चहासाठी.

पण एक गोष्ट मनापासून चांगली निघाली आणि तिचा मला आधी पत्ताच नव्हता. बहुतेक ठिकाणी व्हाऊचरची कमाल रक्कम सगळ्या शहर-परिसरासाठीच्या एकाच अंदाजावर ठरते, मग स्वस्त वस्तीतच घर परवडतं आणि स्वस्त वस्तीतली शाळा कशी असते ते सांगायला नको. डॅलस परिसरात मात्र २०११ पासून हे पिनकोडनुसार ठरतं. त्यांच्या भाषेत झिपकोड. महाग झिपमध्ये रक्कम जास्त, स्वस्त झिपमध्ये कमी. एक रस्ता ओलांडला की दोन-तीनशे डॉलरचा फरक पडतो. दादाच्या घराजवळचा झिप चांगल्या शाळांचा, तिथे दोन बेडरूमला आम्हाला १,९०० डॉलरचं माप, म्हणजे ही कमाल रक्कम, लागलं. मुलीची शाळा बघून आल्यावर माझा सूर जरा खाली आला, हे कबूल करते.

तरी तिथलं पहिलं आवडलेलं घर हातचं गेलं. कारण ४० टक्क्यांचा नियम. आपला वाटा साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. पण घराचा एकूण खर्च मापापेक्षा जास्त असेल तर वरचे पैसे आपले, आणि नवीन घर घेताना आपला एकूण वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला तर ऑफिस मंजुरीच देत नाही. आमचं वजावटीनंतरचं महिन्याचं उत्पन्न २,१००. म्हणजे ३० टक्के ६३० आणि ४० टक्के ८४०. ते घर वीज-पाण्यासकट २,२०० ला पडत होतं, म्हणजे आमचा वाटा ९३०. मी म्हटलं, ‘नव्वद डॉलर मी कुठूनही काढीन, शिवणाचं काम घेईन.’ बाई म्हणाल्या, ‘मॅम, तुम्ही काढाल, पण मी सही करू शकत नाही.’

मग एकतिसाव्या फोनवाला मालक हो म्हणाला. म्हातारा माणूस, एक जुना ड्युप्लेक्स. त्यानं आधीही व्हाऊचरवाले भाडेकरू ठेवले होते. म्हणाला, ‘महिन्याच्या सुरुवातीला सरकारचा वाटा बँकेत येतो, मला आणखी काय हवं?’ भाडं १,७८०, वीज-पाण्याच्या खर्चाचं ऑफिसनं धरलेलं माप १९०, एकूण १,९७०. ऑफिस देणार १,९०० वजा ६३०, म्हणजे १,२७०, आम्ही मालकाला ५१०. डिपॉझिटचे १,७८० आमच्याच खिशातून, कारण व्हाऊचरमध्ये डिपॉझिटही बसत नाही आणि ट्रकचं भाडंही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते बरं, त्याला ट्रक लागत नाही.

आणि इथे आला फ्रिज.

न्यू जर्सीत मी राहिले त्या प्रत्येक भाड्याच्या घरात फ्रिज होता. भिंती असतात तसा फ्रिज असतो, अशीच माझी समजूत. इथल्या स्वयंपाकघरात शेगडी होती, डिशवॉशर होता, आणि मधे कोनाड्यासारखी उभी रिकामी जागा. मालक म्हणाला, ‘फ्रिज भाडेकरूचा. इथे असंच असतं.’ घराच्या मंजुरीचा जो अर्ज असतो, ५२५१७, त्यात कोणती वस्तू कोण देणार याच्या चौकटी असतात. त्यानं फ्रिजपुढे भाडेकरू अशी खूण केली आणि मी खाली सही केली. घाईत होते. ९ जूनला अर्ज गेला तेव्हा मुदतीचे एकवीस दिवस उरले होते. (नवीन ऑफिसनं मूळ मुदतीवर किमान ३० दिवस द्यावेच लागतात, म्हणून आमची तारीख ३० जून झाली होती. अर्ज दिला की घड्याळ थांबतं, हा नियम ज्यानं केला त्याचं भलं होवो.)

तोवर १ जूनपासून आम्ही चौघं दादाच्या हॉलमध्ये. तपासनीस आला, बूट घातलेला, गंभीर. प्रत्येक खिडकीची कडी लावून पाहिली, धुराचे अलार्म वाजवले, प्रत्येक सॉकेटमध्ये यंत्र खुपसलं. न्हाणीघरातलं एक सॉकेट नापास, ते मालकानं दुपारीच बदललं. मी विचारलं, ‘एसी?’ तो म्हणाला, ‘हीटर असावाच लागतो, एसीची केंद्राच्या नियमात सक्ती नाही.’ बाहेर पारा शंभर फॅरनहाइटच्या घरात. मग तो त्या रिकाम्या कोनाड्यासमोर उभा राहिला. ‘रेफ्रिजरेटर?’ मालकानं माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, ‘राहायला आलो की आणू.’ त्यानं कागदावर लिहिलं: ‘इनकन्क्लुझिव्ह’.

पास नाही, नापास नाही. अधांतरी. फ्रिज आहे आणि चालतो याचा पुरावा मिळाल्याशिवाय घर पास नाही, घर पास झाल्याशिवाय करार नाही, आणि करार झाल्याशिवाय किल्ली नाही. मग फ्रिज ठेवू कुठे, तपासनीसाच्या डोक्यावर?

फोनवर तुटक बोलणाऱ्या त्याच बाईंनी मार्ग काढला. ‘फ्रिज घेऊन कुठेही लावा, चालू असल्याचा फोटो पाठवा आणि एक ओळ लिहून सही करा.’ मग दादा आणि मी दीड तास गाडी चालवून एका घरातून जुना फ्रिज आणला. सांगितले २००, मी १४० वर आणला. दादाच्या गॅरेजमध्ये लावला, आतला दिवा लागलेला दिसेल असा फोटो काढला. मागे दादाचं गवत कापायचं यंत्र दिसतंय. डोक्यावर छप्पर नाही पण फ्रिज आहे, अशी आमची सहा दिवसांची अवस्था. २४ जूनला किल्ली मिळाली.

वीज-पाण्याच्या मापात स्वतःचा फ्रिज आणणाऱ्यासाठी एक ओळ असते. आमच्या ऑफिसची त्या ओळीतली रक्कम महिना ५ डॉलर. मी हिशेब केला होता, १४० भागिले ५, अठ्ठावीस महिन्यांत फिटेल. दहाव्या महिन्यात मेला. ५० वसूल, ९० बुडीत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडीही गेली.

बाकीचं पटापट. व्हाऊचर राज्य ओलांडतं, बाकीचं सरकार ओलांडत नाही. फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्याची सरकारी मदत, तिकडे बंद करून इकडे नव्यानं अर्ज. न्यू जर्सीत माझ्यासारखीला मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, मिळतं. टेक्सासनं ते माझ्यासारख्या कमी पगाराच्या मोठ्या माणसांपर्यंत वाढवलेलंच नाही. मुलींना मिळालं, नवऱ्याचं मेडिकेअर (वृद्ध आणि अपंगांचा सरकारी विमा) आहे, मी मात्र दात दुखला तर लवंग धरते. हे निघण्याआधी कळलं असतं तर? तरी आले असते बहुधा, पण दात दाखवून आले असते. विजेची कंपनी इथे आपण निवडायची, आणि ऑगस्टचं बिल मापात बसेल अशी आशा ठेवू नका.

जानेवारीत पत्र आलं की नव्या ऑफिसनं आमचं व्हाऊचर ‘ॲब्सॉर्ब’ केलं. म्हणजे आता न्यू जर्सीला बिल जात नाही, आम्ही पूर्णपणे यांचे. भाड्यात फरक शून्य, पण त्या दिवशी मी जुन्या ऑफिसचा नंबर फोनमधून काढून टाकला आणि गोडाचा शिरा केला. नव्या ऑफिसातल्या त्या तुटक बाईंनाही नवीन वर्षाचं कार्ड पाठवलं. दोन ताऱ्यांचे साडेतीन झाले ते तेव्हा.

परवा रात्री परत तीन. कारण भाडेकरूनं आणायची वस्तू बिघडली तर दोष मालकाचा नसतो, कुटुंबाचा असतो. ती मुदतीत दुरुस्त केली नाही तर व्हाऊचरवर गदा येऊ शकते. इतकी वर्षं यादीत काढली, दोन राज्यांतून कागद फिरवले, आणि सगळं येऊन टांगलंय एका सेकंडहँड कॉम्प्रेसरवर. तपासणी येत्या १४ तारखेला आहे.

दुरुस्तीवाला बघून गेला. बघायचे ६५, दुरुस्तीचे २६०. मी ६५ देऊन त्याला वाटेला लावलं. वहिनी म्हणते, ‘आमच्या गॅरेजमधला दुसरा फ्रिज घेऊन जा, त्यात नुसत्या थंड पाण्याच्या बाटल्याच तर असतात.’ काल जाऊन टेपनं मापून आले. कोनाड्यात बसतो, फक्त दार भिंतीच्या बाजूला उघडतं. दादा म्हणतो, दाराच्या बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला लावता येतात. शनिवारी येतोय पाने घेऊन.