टॉमकॅट ९ मधला कनेक्शन पूल : लॅपटॉपवरच्या वापराचा अनुभव

एका जावा वेब प्रकल्पासाठी मी गेले काही महिने टॉमकॅट ९ या जावा वेब सर्व्हरसोबतच येणारा डीबीसीपी २ हा कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स उघडून ठेवून ती पुन्हा पुन्हा वापरायला देणारा साठा, माझ्या लॅपटॉपवर वापरत आहे. पूलसाठी वेगळी लायब्ररी जोडावी लागत नाही आणि डेटाबेसचा पासवर्ड जावा कोडमध्ये लिहावा लागत नाही, या दोन कारणांसाठी तो मला पसंत पडला. मात्र पूल टॉमकॅट स्वतः उभा करत असल्यामुळे डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची जार फाइल (जावा लायब्ररीची फाइल) ॲप्लिकेशनच्या नव्हे, तर टॉमकॅटच्याच लिब फोल्डरमध्ये ठेवावी लागते.

माझी खरी तक्रार डीफॉल्ट मूल्यांबद्दल आहे. एका वेळी जास्तीत जास्त ८ कनेक्शन्स मिळतात आणि ती संपली की पुढची विनंती कितीही काळ थांबून राहते. माझ्या अहवालाच्या कोडमध्ये अपवाद (एक्सेप्शन) आला की कनेक्शन बंद करून पूलला परत द्यायचे राहून जात होते. चूक माझीच होती. पण आठ वेळा सगळे सुरळीत दिसले, नवव्या क्लिकला पान नुसते फिरत राहिले आणि लॉगमध्ये एक ओळही उमटली नाही. तेव्हापासून विकासाच्या काळात मी मॅक्सटोटल (एकूण कनेक्शन्सची मर्यादा) २ आणि मॅक्सवेटमिलिस (थांबण्याची मर्यादा, मिलिसेकंदांत) ५००० ठेवतो, म्हणजे कनेक्शन परत न करण्याची ही गळती तिसऱ्याच क्लिकला पाच सेकंदांत उघडी पडते. जोडीला रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो (नवे कनेक्शन मागताना सोडून दिलेली कनेक्शन्स काढून घेणे) आणि लॉगअबँडन्ड (त्यांची नोंद लॉगमध्ये करणे) सुरू करून, कनेक्शन सोडून दिलेले मानण्याची डीफॉल्ट ३०० सेकंदांची मुदत ३० वर आणली, की न परतलेले कनेक्शन कोडच्या कोणत्या ओळीवर घेतले होते, हे लॉगमध्ये स्टॅक ट्रेससह (कोड कुठून कुठे गेला त्या यादीसह) दिसते. या एका सोयीसाठी मी बाकीच्या त्रुटी माफ करायला तयार आहे.

वरच्या मॅक्सटोटल आणि मॅक्सवेटमिलिस यांची जुन्या लेखांतून उतरवलेली नावे, म्हणजे मॅक्सअ‍ॅक्टिव्ह आणि मॅक्सवेट इथे चालत नाहीत. टॉमकॅट ८ पासून ती नावे बदलली असून, सर्व्हर फक्त एक इशारा लॉगमध्ये टाकून निमूटपणे सुरू होतो.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये २.० आवृत्तीपासून डीफॉल्ट असलेला हिकारीसीपी हा दुसरा कनेक्शन पूल ३० सेकंद वाट पाहून त्रुटी देतो, हे वागणे मला अधिक समजूतदार वाटते. तरीही फ्रेमवर्कशिवायच्या साध्या सर्व्हलेट (जावा वेब कोडच्या) प्रकल्पात त्यासाठी आणखी एक जार आणावी, असे मला वाटत नाही. डीबीसीपीमध्ये कनेक्शन सोडून दिलेले मानण्यासाठी मी ठेवलेली ३० सेकंदांची मुदत मात्र प्रत्यक्ष सर्व्हरवर नेऊ नये, कारण एखादी क्वेरी त्याहून जास्त वेळ चालली तर तिचे कनेक्शन पूल मध्येच काढून घेऊ शकतो.